शाळा सुटायची वेळ

बदलापूरला ताईच्या घरी गेले की आधी मी बाल्कनीत जाते. पाऊस नुकताच उघडलेला असला तर चंदेरीचा डोंगर इतका स्वच्छ दिसतो की हात लांबवला तर लागेल. ठाण्यातल्या आमच्या भाड्याच्या घराच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. त्या शनिवारी मात्र ताईने मला बाल्कनीत रमू दिलं नाही. पोह्यांची ताटली हातात दिली आणि समोर बसवलं.

"घरमालक काय म्हणाले?"

"दिवाळीनंतर घर हवंय त्यांना. मुलाचं लग्न ठरलंय."

पाच वर्षांतलं हे आमचं तिसरं घर. अकरा महिन्यांचा करार, मग वाढीव भाडं, मग दुसरा करार, मग टेम्पो. लेक बालवाडीत होती तोवर चाललं. पुढच्या जूनला ती पहिलीत जाईल, आणि पहिलीत जिथे जाईल तिथून दहावीपर्यंत हलायचं नाही, एवढं नवऱ्याचं आणि माझं ठरलंय. घर आता विकत घ्यायचं, हेही ठरलंय. कुठे, हे काही ठरत नाही.

"मग इथे या," ताई म्हणाली. "मागच्याच गल्लीत आहे. दोन बेडरूम, 48 लाख सांगतोय. थोडा खालीही येईल."

"ठाण्यातलं एका बेडरूमचं 78 लाख. जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. पण शाळा चालत सात मिनिटांवर."

मी वही काढली. आमची शिल्लक 22 लाख. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर इथल्या घराला 30 लाखांचं कर्ज पुरेल, हप्ता साधारण 26 हजार. ठाण्याच्या घराला 62 लाख काढावे लागतील, हप्ता 53 हजार 800. त्याहून फार जास्त बँक देणारही नाही, कारण 30 ते 75 लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे. म्हणजे उरलेला पैसा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे 30 हजार भरले की आमची शिल्लक तळाला.

"महिन्याला जवळजवळ 28 हजारांचा फरक," ताई म्हणाली. "वर्षाला 3 लाख 33 हजार. अगं, दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने गेली तर? ज्या घरात हप्त्याच्या तारखेला सगळे गप्प होतात, तिथे पोर अभ्यासाला बसत नाही. मी पाहिलंय."

"आता दुसरं पान बघ," मी म्हटलं.

दुसऱ्या पानावर पैसे नव्हते, तास होते. माझं ऑफिस परळला. ठाण्याहून आणि बदलापूरहून दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ मी मांडला होता. फरक दिवसाला पावणेदोन तास. महिन्याचे 22 दिवस धरले तरी 38 तास. "इतके तास मी घरात नसणार, ताई. हे कोण मोजतं? जाहिरातीत लिहितात, स्टेशनपासून पाच मिनिटं. स्टेशनपासून पुढचं कोणी लिहीत नाही. कल्याणच्या पुढे दोनच मार्ग आहेत. त्याच रुळांवरून लोकल आणि त्याच रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या. एक रखडली की मागे सगळ्या उभ्या."

"तिसरी-चौथी मार्गिका होतेय."

"होतेय. चिखलोलीला स्टेशन होतंय. मेट्रो 14 येणार म्हणतात, कांजूरमार्गहून थेट इथवर. बिल्डर हे सगळं आजच्या भावात धरतो आणि आपण ते पुढल्या वीस वर्षांत फेडतो. माझी पोर पुढच्या जूनला पहिलीत जाणार आहे."

ताई उठून चहा टाकायला गेली. ती अशी उठली की मला कळतं, पुढचं बोलणं तिने आधीच मनात जुळवून ठेवलेलं आहे.

"तू ठाणं कशासाठी धरून बसलीयस?" तिने आतून विचारलं. "शाळांसाठी ना? मग मला सांग, त्या शाळा कोणी बांधल्या?"

ती बाहेर आली आणि तिने पार्ल्याचं उदाहरण दिलं. पार्ले टिळक विद्यालय 1921 चं. तेव्हा पार्लं मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचं होतं, जागा परवडते म्हणून लोक तिथे राहायला जात. लोकमान्य गेले 1920 साली, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने शाळा उभी केली ती तिथल्या राहणाऱ्यांनी. डोंबिवलीचंही तसंच. गिरगाव-दादरला जागा पुरेना म्हणून मध्यमवर्ग तिकडे सरकला आणि त्याने आपल्या मुलांसाठी शाळा काढल्या. टिळकनगर विद्यामंदिराचं नाव आज कोणी आदराने घेतं, तेव्हा त्यामागे त्या पहिल्या रहिवाशांच्या किती संध्याकाळी गेल्या असतील, हे कोणाला आठवत नाही.

"आज जिथे चांगल्या शाळा आहेत म्हणून घर परवडत नाही," ताई म्हणाली, "ती सगळी गावं कधीतरी परवडणारी होती. शाळा आधी आणि माणसं मागून, असं कुठे झालंय? माणसं आली, टिकली, तेव्हा शाळा झाल्या. तुम्ही सगळे ठाण्यालाच चिकटून बसलात तर इथली शाळा चांगली कोण करणार?"

हे बोलणं मला आतवर लागलं, कारण ते खरं आहे. आपल्या उपनगरांचा इतिहास हाच आहे. ते मी मानते, आणि तरीही माझं उत्तर बदलत नव्हतं.

"ताई, शाळा घडायला वीस वर्षं लागतात. मूल घडायला तेवढी मिळत नाहीत. पहिली ते चौथीत वाचायला-लिहायला आलं नाही तर पुढे ते कोण भरून देणार? पुढच्या पिढीसाठी मी बैठकांना बसेन, वर्गणी देईन. पण माझ्या लेकीचा पहिला वर्ग मी त्यासाठी पणाला लावू?"

ताईने लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "पणाला लावू नकोस. पण चांगली शाळा म्हणजे काय, हे तू कशावरून ठरवलंस ते सांग."

माझ्याकडे उत्तर होतं असं मला वाटत होतं. ऑफिसातल्या मैत्रिणी, नातेवाईक, दहावीचा निकाल, दारातल्या रांगा. सांगू लागले तसं लक्षात आलं की यातलं एकही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.

आमची मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिकडे घराचा पत्ता मुलाची सरकारी शाळा ठरवतो. रस्त्याच्या या बाजूला एक शाळा, त्या बाजूला दुसरी. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी मॅसॅच्युसेट्समधल्या अशा हद्दीच्या दोन्ही बाजूंची घरं ताडून पाहिली. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निघालं की परीक्षेतले गुण 5 टक्क्यांनी वाढले, तर पालक घराला अडीच टक्के जास्त मोजायला तयार असतात. आपल्याकडे अशी हद्द नाही. शिक्षण हक्क कायद्यात 25 टक्के राखीव जागांना अंतराचा नियम आहे, बाकी प्रवेश खुला. तरी 'चांगल्या' शाळेजवळच्या घराला आपण जास्त मोजतोच. फरक इतकाच, की कशाचे मोजले हे दाखवणारा आकडा आपल्या हातात नसतो, ऐकीव नाव असतं.

"निकाल बघू नकोस," ताई म्हणाली. "नववीत किती मुलं होती आणि दहावीच्या परीक्षेला किती बसली, ते विचार. कच्ची मुलं वाटेत गळाली तर निकाल चांगला लागणारच."

ताईचा मुलगा इथल्याच अनुदानित मराठी शाळेतून, सेमी इंग्रजीतून शिकला, आता बारावीला आहे. त्या वर्षांत ती दोनदा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीवर होती. फी वाढवायची तर खासगी शाळेला या समितीपुढे यावं लागतं, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. माझ्या प्रश्नांना ती उत्तरं देत गेली तसतशी मी वहीचं तिसरं पान भरत गेले.

प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो घालून शाळेची माहिती कोणालाही पाहता येते: शिक्षक किती, मुलं किती, खोल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह आहे का. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, सहावी ते आठवीला 35 मागे. "सीबीएसई पॅटर्न" असा फलक दिसला तर संलग्नतेचा क्रमांक मागायचा, कारण पॅटर्न आणि संलग्नता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवी शाळा दरवर्षी एकेक इयत्ता वाढवत असते, तेव्हा आज पाचवीपर्यंत असलेली शाळा सहावीची मान्यता कधी घेणार, ते आधी विचारायचं. प्रवेशासाठी मुलाची चाचणी, पालकांची मुलाखत किंवा देणगी मागितली, तर शिक्षण हक्क कायद्याचं 13 वं कलम त्याला मनाई करतं. जी शाळा दारातच कायदा मोडते, ती आत काय पाळणार?

"आणि सगळ्यात मोठा प्रश्न," ताई म्हणाली, "बाई किती वर्षं आहेत? गेल्या वर्षी दुसरीच्या वर्गाला किती बाई बदलल्या? इमारत चकाचक, वर्गात एसी, आणि दिवाळीपर्यंत तिसऱ्या बाई आलेल्या, अशी शाळा मला नको. अनुदानित शाळेची भिंत पोपडे सुटलेली असेल, पण बाईंना प्रत्येक पोराचं घर माहीत असतं."

"सगळ्या अनुदानित शाळांत तसं नसतं."

"नसतं. म्हणून तर जाऊन बघ म्हणतेय. ठाण्यातलीही बघ."

त्यानंतर मी तो विषय काढला. घरून निघतानाच काढायचा ठरवला होता, पण धीर होत नव्हता. ऑगस्ट 2024. इथल्या एका शाळेत बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला आणि 20 तारखेला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले. "त्यानंतर इथे मुलीला शाळेत घालायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो," मी म्हणाले.

ताई बराच वेळ गप्प होती.

"माझ्याही," ती म्हणाली. "पण ते बदलापूरचं म्हणून बाजूला टाकू नकोस. ठाण्याच्या शाळेतही तेच विचार, पार्ल्याच्याही. त्या दिवसापासून मी कुठल्याही शाळेत गेले तर फळा बघत नाही. वर्गापासून स्वच्छतागृहापर्यंतचा रस्ता बघते. लहान मुलींबरोबर कोण जातं? ती बाई आहे की पुरुष? तिची पोलीस पडताळणी झालीय का? सखी-सावित्री समिती कागदावर आहे की तिची बैठक होते? शेवटची बैठक कधी झाली? असं विचारलं की मुख्याध्यापक रागावतात का, तेही बघते. जे रागावत नाहीत, इतिवृत्ताची वही काढून दाखवतात, ती शाळा निम्मी पास."

या एका मुद्द्यावर आमचं दोघींचं मत एक झालं. त्या दिवशी दुसरा असा मुद्दा सापडला नाही.

घराच्या कागदांवर मात्र ताईच माझ्यापेक्षा कडक निघाली. मला वाटत होतं, महारेराचा नोंदणी क्रमांक असला की निर्धास्त व्हायचं. तिने डोंबिवली परिसरातल्या 65 इमारतींची आठवण दिली. महापालिकेच्या परवानग्या बनावट, त्या दाखवून महारेराचा क्रमांक मिळवलेला, लोकांनी कर्ज काढून घरं घेतली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायला सांगितल्या. तेव्हा बांधकाम परवानगी खरी आहे का, हे थेट नगरपरिषदेत किंवा महापालिकेत जाऊन पाहायचं. भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय ताबा घ्यायचा नाही. करार नोंदवण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हेही तिने वहीत लिहायला लावलं. घर माझ्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. 48 लाखांवर ते 48 हजार झाले, लेकीची कितीतरी वर्षांची वह्या-पुस्तकं.

"आणि नदी," मी म्हटलं. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढलं. चारही बाजूंनी गढूळ पाणी आणि मध्ये ती गाडी, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही.

"मागची गल्ली उंचावर आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, पूररेषेचा नकाशा मागव. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा. घर दोन्हींच्या बाहेर हवं. उल्हासच्या कडेला 'रिव्हर व्ह्यू' म्हणून घरं विकतात. 2005 च्या 26 जुलैला तिथे कुठवर पाणी आलं होतं, ते जुन्या किराणावाल्याला विचार. त्याच्या भिंतीवर अजून खूण असेल."

साडेअकरा होत आले होते. ताईने चपला घातल्या. "चल, शाळा सुटेल. शाळा भरताना सगळ्याच चांगल्या दिसतात, सुटताना बघावी."

भावोजींनी लेकीला खाली झोक्यावर नेलं होतं, तिलाही बरोबर घेतलं. रस्त्यात मी घड्याळ लावलं. लेकीच्या पावलांनी नऊ मिनिटं, एक मोठा रस्ता ओलांडून. त्या रस्त्यावर झेब्राचे पट्टे पुसट झालेले, सिग्नल नाही. हेही मी लिहून घेतलं.

फाटकाबाहेर रिक्षाकाका, व्हॅनवाले, आज्या आणि आजोबा उभे होते. आई फार थोड्या. बहुतेक जणी त्या वेळी कल्याणच्या पलीकडे, माझ्यासारख्याच. घंटा झाली. मुलं पळत सुटली नाहीत. पहिलीचा वर्ग एका ओळीत फाटकापर्यंत आला आणि चाळिशीच्या एक बाई एकेका मुलाचं नाव घेत त्याला समोरच्या माणसाच्या हाती देत होत्या. एका मुलाला न्यायला आलेला तरुण त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्यांनी मुलाचा हात सोडला नाही. तिथेच उभं राहून त्याच्या आईला फोन लावला, खात्री केली, मग सोडलं. मागे व्हॅनवाला हॉर्न वाजवत होता, बाईंनी मान वळवूनही पाहिलं नाही.

गर्दी सरल्यावर मी पुढे झाले. "बाई, तुम्ही इथे किती वर्षं आहात?"

"चौदा." त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं. "हिच्यासाठी का? नाव काय बाळा तुझं?"

लेकीने नाव सांगितलं. बाईंनी वर्गात पट किती, चौकशीला कधी यायचं, कागद कोणते लागतील ते सांगितलं. पट 42 होता. तीसचा नियम सकाळीच वहीत लिहिला होता. मी ताईकडे पाहिलं.

"तुकडी वाढवून मागायला हवी," ताई हळूच म्हणाली. "पालक मागे लागले तर होते. आमच्या वेळी झाली होती."

आमच्या वेळी. तिचा सगळा युक्तिवाद त्या दोन शब्दांत होता आणि माझी सगळी भीतीही. घड्याळात पावणेबारा झाले होते. कामाच्या दिवशी या वेळी मी परळला असेन, नवरा ऐरोलीला. पहिली गाडी पकडून घरी यायचं म्हटलं तरी दोन वाजून जातील. ताई दिवसभर हिशेबाची कामं करते, तिच्याही तारखा असतात. ती "मी आहे ना" म्हणाली असती तर मी नाही म्हणू शकले नसते, आणि दहा वर्षं ते ओझं तिच्यावर टाकलं असतं. बहुधा म्हणूनच ती तसं म्हणाली नाही.

"बाई," मी विचारलं, "ज्यांच्या घरी या वेळी कोणी नसतं, ती मुलं कुठे जातात?"

त्यांनी समोरच्या गल्लीकडे हात केला. "त्या पिंपळाच्या पुढे एका काकूंचं पाळणाघर आहे. आमच्या वर्गातली सहा मुलं जातात. आत्ता जेवायला बसली असतील, जाऊन बघा."

लेकीने माझं बोट सोडून ताईचं धरलं, आणि आम्ही तिघी पिंपळाकडे चालू लागलो.